नोकरी सांभाळून गोधड्या शिवते आहे. दर नेमका कोणत्या हिशेबाने ठरवावा?

धावदोरा, पुणे

नमस्कार. गेली सोळा वर्षे मी एका खासगी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि साडेतीन वर्षांपासून तिच्या जोडीने दुपटी, बाळंतविडे आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या करून विकते. सुरुवात भाचीच्या बारशाला झाली. आईच्या विरलेल्या सुती साडीचे दुपटे, त्याच कापडाची कुंची आणि दोन झबली मी हाताने शिवून नेली होती. त्यांची छायाचित्रे नात्यात फिरली आणि दोन महिन्यांत अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. आता महिन्याला सात-आठ दुपटी आणि तीन-चार मोठ्या गोधड्या असे काम असते. दुपटी मी स्वतः शिवते. मोठ्या गोधड्या भोरजवळच्या एका गावातल्या दोघी जणी शिवून देतात. साड्या धुणे, रंग तपासणे, कापणे, थर लावून टाचणे आणि गिऱ्हाइकांशी बोलणे माझ्याकडे असते.

धागा काढण्याचे कारण मागच्या महिन्यात घडलेला एक प्रकार आहे. एका बाईंनी त्यांच्या दिवंगत आईच्या चार साड्या पाठवल्या होत्या. त्यांतली एक जुनी इरकल होती. अंग सुती, पदर तो ठरावीक लाल टोप पदर. लाल रंगाचा भरवसा नसतो हे मला पक्के माहीत आहे. एरवी प्रत्येक साडीचा कोपरा मी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवते आणि पांढऱ्या कापडावर दाबून पाहते. त्या आठवड्यात ऑफिसात एका प्रणालीचे नवे रूप ग्राहकाच्या हाती जायचे होते, रोज रात्री साडेअकरापर्यंत कॉल चालायचे, आणि साड्या टाचायला मी बसले तेव्हा एक वाजून गेला होता. पदराची चाचणी मी केली नाही. गोधडी शिवून आली, पाठवण्यापूर्वी एकदा धुतली, आणि पदराचा लाल रंग शेजारच्या फिक्या बदामी नऊवारीवर उतरला. ती नऊवारी त्या बाईंच्या आईने लेकीच्या लग्नात नेसली होती. बाई समजूतदार होत्या, एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. मी पैसे परत केले, पण साडी परत करता येत नाही.

तेव्हापासून मनात घोळते आहे की हे दोन्ही चालवायचे असेल तर काय कमी करावे. नोकरी सोडण्याचा विचार नाही, कारण घराचा हप्ता पगारावरच चालतो. गोधड्या बंद कराव्यात असेही वाटत नाही. येथे नोकरीबरोबर हस्तकलेचा व्यवसाय करणारे अनेक जण आहेत म्हणून विचारते, तुम्ही कामाची मर्यादा कशी घालता? दर वाढवून मागणी कमी करावी की सरळ नकार द्यावा? कर आणि नोकरीच्या अटी यांबाबतही अनुभव सांगावेत.

हिशेबाची वही, नाशिक

मी लेखापाल आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पगारदार असून घरी काहीतरी बनवून विकणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कराची बाजू थोडक्यात सांगतो.

व्यवसायाचे उत्पन्न कितीही लहान असले तरी ते पगाराबरोबर विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि मग फक्त पगारदारांसाठी असलेला सहज हा अर्ज चालत नाही. लहान व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात रोखीने आलेल्या विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के रक्कम नफा धरता येते आणि तपशीलवार हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही. तरीही वही ठेवाच. सरकारला ती लागणार नसली तरी तुम्हाला लागणार आहे.

जीएसटीबाबत घाबरून जाऊ नये. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला राज्यांतर्गत विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपयांची आहे. परराज्यात माल गेला की मात्र एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. अधिसूचनेतील हस्तकलेच्या वस्तूंना तेथे २० लाखांपर्यंत सूट आहे; आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे आधी तपासून घ्यावे. ऑनलाइन बाजारपेठांवर विकायचे झाल्यास पूर्वी लहान विक्रेत्यालाही नोंदणी घ्यावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्याला केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन तेथे विकता येते. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्यासाठी दोन-दोन हजार रुपये घेणारे मध्यस्थ गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

आता मूळ प्रश्न. दर वाढवावा की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण सध्याचा दर कसा बसवला आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. एका दुपट्याचा आणि एका मोठ्या गोधडीचा खर्च, दर आणि लागणारे तास येथे मांडाल का? तास अंदाजाने लिहू नयेत, एकदा घड्याळ लावून मोजावेत.

टिपणीकार, मुंबई

धावदोरा खासगी नोकरीत आहेत म्हणून त्यांना निदान पर्याय तरी आहेत. माझ्यासारख्या शासकीय कर्मचाऱ्यांनी हा धागा वाचून उत्साहात काही सुरू करण्यापूर्वी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १६ वाचावा. शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणताही व्यापार किंवा धंदा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे करता येत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या नियमांतला नियम १५ लागू होतो आणि त्याचाही गाभा तोच आहे. प्रासंगिक स्वरूपाच्या साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक कामाला सवलत आहे. पण दर महिन्याला वीस जोड कर्णफुले विकणे हे प्रासंगिक कलात्मक काम आहे, असे कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याला पटवून देता येईल असे मला वाटत नाही.

हे मी अनुभवाने लिहिते. भाजलेल्या मातीचे दागिने करण्याचे काम आमच्या घरी माझी जाऊ करते. उद्योग तिच्याच नावावर आहे आणि खरोखरच तिचा आहे. मी फक्त दिवाळीपूर्वी कार्यालयातल्या मैत्रिणींच्या गटात काही छायाचित्रे टाकली आणि शेवटी माझा क्रमांक लिहिला. आठवड्याभरात वरिष्ठांनी बोलावून समज दिली. लेखी काही झाले नाही, हे त्यांचे उपकार. तेव्हापासून मी रविवारी जावेला माती मळून देते, भट्टीजवळ बसते, पण विक्रीच्या वाटेला जात नाही. एका परीने बरेच झाले, कारण मला मुळात हात मळवून घेण्याचीच आवड होती.

धावदोरा, पुणे

सर्वांचे आभार. शनिवारी बसून घड्याळ लावून मोजले, आकडे पुढे देते.

दुपटे ३६ इंच लांब आणि तितकेच रुंद. एक-एक इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर ३६ इंचांच्या ३६ ओळी होतात, म्हणजे जवळजवळ ३३ मीटर शिवण. टाचणे आणि काठ दुमडणे धरून मला नऊ तास लागले. अस्तर, दोरा आणि धुलाई यांचे १४० रुपये, वेष्टन आणि कुरिअरचे ११०. विकते ८५० रुपयांना. हाती ६०० उरतात, म्हणजे ताशी ६७ रुपये पडले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी रोज एक तास येतात, महिन्याचे २६ दिवस, आणि २,६०० रुपये घेतात. त्यांचा तास १०० रुपयांचा आहे. हा हिशेब मी साडेतीन वर्षांत एकदाही केला नव्हता.

मोठी गोधडी ६० बाय ९० इंचांची असते. तिची विक्री ३,२०० रुपयांना होते. शिवणाऱ्या बाईंना १,४०० रुपये देते. मांजरपाटाचे अस्तर, सुती दोरा, धुलाई, गावापर्यंत जाणे-येणे आणि कुरिअर मिळून सरासरी ६५० पडतात. मला १,१५० उरतात. माझे आठ तास जातात. बाईंना किती तास लागतात ते फोन करून विचारले. दुपारची भांडी झाली की साधारण तीन तास बसतात आणि पंधरा दिवसांत एक गोधडी उरकते असे दोघींनीही सांगितले.

म्हणजे दुपट्यांवर मी तोट्यात आहे आणि गोधडीवर बरे सुटते आहे असे दिसते. दुपटी कमी करून गोधड्या वाढवाव्यात का?

वाकळवाली, कोल्हापूर

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि बारा वर्षांपासून माझे घर वाकळांवरच चालते. माझ्याकडे तीन बायका कायम कामाला आहेत. तुमचे आकडे मी दोनदा वाचले आणि मग एक भागाकार केला, जो तुम्ही केलेला दिसत नाही.

पंधरा दिवस, रोज तीन तास, म्हणजे पंचेचाळीस तास. चौदाशे भागिले पंचेचाळीस केले की ताशी ३१ रुपये येतात. तुमच्या आठ तासांना १,१५० मिळतात, म्हणजे ताशी १४४. दुपट्यासाठी स्वतःला ६७ रुपये मिळाले म्हणून तुम्हाला वाईट वाटले आणि पोळ्यांच्या मावशींची आठवण झाली. गोधडीत बरे सुटते असे तुम्ही लिहिले आहे. ते कोणाच्या तासांतून सुटते आहे, हेही लिहायला हवे होते.

रागाने लिहीत नाही, पण हा विषय माझ्या पोटाशी आहे म्हणून स्पष्ट लिहिते. मी याच मापाची वाकळ ५,५०० रुपयांना देते. गिऱ्हाईक मला सांगते की पुण्यात हेच ३,२०० ला मिळते, तेही घरपोच. मिळते, कारण पुण्यातल्या बाईंच्या घरचा किराणा, वीज, मुलांची फी आणि आजारपण पगारातून निघते. त्यांना वाकळेतून काही कमावलेच पाहिजे अशी गरज नाही. छान वाटते, हात चालतो, चार लोक कौतुक करतात, वर हजार रुपये सुटतात. तुमची नोकरी गोधडीचा दर खाली धरून ठेवते आणि तो दर मग आम्हाला बांधून राहतो. नोकरी करणाऱ्यांनी हा धंदा करू नये असे माझे म्हणणे नाही. आपल्या पगाराचा टेकू काढून घेतला तर ही वस्तू किती रुपयांना उभी राहते, तेवढा दर त्यांनी लावावा, इतकेच म्हणते.

धावदोरा, पुणे

तुमचे लिहिणे वाचून रात्रभर झोप लागली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. बचाव करायचा म्हणून नव्हे, पण एक गोष्ट नोंदवते. १,४०० हा आकडा मी ठरवलेला नाही. पहिल्या गोधडीच्या वेळी मी विचारले तेव्हा त्यांनी आधी हजार सांगितले होते, चौदाशे मीच केले. दोघींना हे काम हवे असते, एखाद्या महिन्यात साड्या पोहोचल्या नाहीत तर त्यांचा फोन येतो.

वाकळवाली, कोल्हापूर

हजारच सांगणार. गावात गोधडीला कधी दर नव्हता. उन्हाळ्यात किंवा पावसाची झड लागली की सासुरवाशिणी आणि शेजारणी जोत्यावर बसून गोधड्या घालायच्या, शिवणारीला जुने लुगडे, चहा आणि पुढच्या वेळी आपल्या गोधडीला चार हात मिळायचे. त्या बायकांना तासाने मोजायची सवय नाही, नगाने सांगायची आहे, आणि रोख पैसा दिसला की हजार पुष्कळ वाटतात. तुम्ही दिवसभर तासांचा तक्ता भरता. मोजायची सवय तुम्हाला आहे, तेव्हा मोजण्याची जबाबदारीही तुमचीच.

शिवाय टाक्याकडे पाहा. पंचेचाळीस तासांत एक इंचाच्या अंतराने जेमतेम नव्वद ओळी होतात. आमच्याकडे अर्ध्या इंचावर ओळ असते, कडेने सुरू करून चारी बाजूंनी फिरत मध्यावर संपते, आणि तिला सत्तर-ऐंशी तास लागतात. ती वाकळ वीस वर्षे धुतली तरी आतला थर सरकत नाही. स्वस्तात दिल्यावर पहिली काटछाट टाक्यावर येते. टाका विरळ होतो आणि गिऱ्हाइकाला ते पाच वर्षांनी कळते.

साबणवाला, ठाणे

विषय थोडा वळवतो, पण वेळेच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. मी बँकेत आहे आणि दोन वर्षे घरी नारळाच्या तेलाचे अंगाचे साबण करत होतो. मित्रांना नुसते वाटून देत होतो तोवर आनंद होता. विकायचे ठरवल्यावर कळले की अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार विक्रीसाठी उत्पादन करायचे तर परवाना लागतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो मिळण्यासारखा नाही. मी थांबलो. पगारदार माणसाने वस्तू निवडतानाच पाहावे की ती वस्तू किती कागद मागते. कापडकाम त्या मानाने सोपे आहे. धावदोरा यांनी गिऱ्हाइकाच्याच साडीची गोधडी शिवणे तर आणखी सोपे, कारण त्यात मालाचा साठाही होत नाही. बँकेची परवानगी मागण्याची वेळ माझ्यावर आली नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

हिशेबाची वही, नाशिक

परवानगीचा विषय निघालाच आहे तर धावदोरा यांनी आपले नियुक्तिपत्र काढून पाहावे. बहुतेक खासगी कंपन्यांच्या पत्रांत लेखी संमतीशिवाय दुसरा कोणताही व्यवसाय करणार नाही असे एक कलम असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. २०२२ मध्ये विप्रोने सुमारे ३०० जणांना काढले तेव्हा या प्रश्नाची देशभर चर्चा झाली होती. ते लोक प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते, हा भाग त्या चर्चेत पुष्कळदा मागे पडला. दुपटी विकणे आणि प्रतिस्पर्ध्याला संगणकप्रणाली लिहून देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तो फरक नियुक्तिपत्रात लिहिलेला नसतो, म्हणून तो आपणच लेखी मागून घ्यावा. पत्रात वस्तू कोणती, कामाचे तास कोणते, कंपनीचा संगणक आणि वेळ वापरणार नाही, एवढे चार ओळींत लिहावे. लपवून केलेल्या गोष्टीचा ताण रात्रीच्या जागरणापेक्षा जास्त थकवतो, असे माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात.

वाकळवालीताईंच्या भागाकाराबद्दल मी काही बोलत नाही. खर्च विचारताना तो मीच करायला हवा होता.

जर्सीकर, न्यू जर्सी

मी येथे केवळ गिऱ्हाईक म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी आजीच्या पाच लुगड्यांची गोधडी पुण्यातून करून घेतली. कोणाकडून ते सांगत नाही, धावदोरा यांच्याकडून नव्हे. तेव्हा ३,५०० रुपये दिले आणि कुरिअरला जवळपास तेवढेच. मनात आले होते की हे फार स्वस्त आहे, पण विचारले नाही. स्वस्त का, असे कोण विचारते? आता २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची करमाफी अमेरिकेने काढून घेतली आहे, त्यामुळे भारतातून येणाऱ्या लहानशा पार्सलवरही शुल्क बसते. आमच्या ओळखीतल्या बायका सरळ सुट्टीवर जाताना साड्या बॅगेत नेतात आणि परतताना गोधडी घेऊन येतात. त्यांना गोधडी सहा आठवड्यांनी मिळाली काय आणि सहा महिन्यांनी मिळाली काय, फरक पडत नाही. धावदोरा, तुम्ही गिऱ्हाइकाला तारीख देण्यात घाई करत आहात असे मला वाटते. आईची साडी देणाऱ्या माणसाला गोधडी पुढच्या शुक्रवारी नको असते.

धावदोरा, पुणे

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढते आहे, कारण मधल्या काळात काय झाले ते सांगणे लागते.

पहिल्यांदा परवानगी. मनुष्यबळ विभागाला पत्र दिले. तीन आठवडे काहीच उत्तर आले नाही आणि त्या तीन आठवड्यांत मी पत्र दिल्याचा दहा वेळा पश्चात्ताप केला. मग दोन ओळींचे उत्तर आले की कंपनीचा वेळ, साधने आणि सहकाऱ्यांचे संपर्क वापरले नाहीत तर हरकत नाही. शेवटच्या अटीमुळे ऑफिसातली चार-पाच गिऱ्हाइके गेली, पण मोकळे वाटले.

दुपटी मी महिन्याला दोनवर आणली आणि दर १,३०० केला. आता माझ्या तासाला पोळ्यांच्या मावशींच्या तासापेक्षा थोडे अधिक मिळतात. बाळंतविडे बंद केले. टोपरी आणि कुंच्या शिवायला मला आवडायचे, पण त्यांची बारीक कामे रात्रीच होत आणि डोळ्यांना चष्म्याचा नवा नंबर लागला होता.

मोठ्या गोधडीचे सांगायला अवघड आहे. दर ५,२०० केला. शिवणाऱ्या बाईंना २,७०० देते, म्हणजे पंचेचाळीस तासांचे ताशी ६० रुपये. हे वाकळवालीताईंना पुरेसे वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण त्याहून वरचा आकडा सांगितला तेव्हा फोनवर समोरची व्यक्ती गप्प झाली. मागणी ताबडतोब घटली. दर वाढवण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत अकरा गोधड्या झाल्या होत्या, नंतरच्या तीन महिन्यांत चार. म्हणजे दोघींना मिळून आधी १५,४०० रुपये गेले होते आणि आता १०,८०० गेले. तासाचा मोबदला जवळजवळ दुप्पट झाला आणि घरात येणारा पैसा कमी झाला.

मी गावी जाऊन दोघींपुढे हा हिशेब मांडला. त्यांपैकी थोरल्या बाई म्हणाल्या, बरे झाले, एवढ्या गोधड्यांनी खांदा भरून येत होता. धाकट्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "ताई, जुन्या दराच्या पण थोड्या आणाल का? पोरीची फी जूनमध्ये आहे." मला उत्तर देता आले नाही. जुन्या दराने आणणार नाही एवढे मनाशी ठरले होते, पण ते त्यांच्यासमोर बोलायला माझ्याकडे तोंड नव्हते, कारण माझ्या मुलीची फी जूनमध्ये पगारातून भरली जाणार आहे.

वाकळवाली, कोल्हापूर

साठ पुरेसे नाहीत, पण एकतीसवरून साठवर कोणी तीन महिन्यांत आलेले मी पाहिलेले नाही, हेही लिहिते.

धाकट्या बाईंबद्दल एक सुचवते. माझ्याकडे लग्नसराईच्या आधी काम अंगावर येते. त्यांचा टाका पाहायला मिळाला तर मी त्यांना अर्ध्या इंचाची ओळ शिकवीन आणि माझ्या दराने काम देईन. हातभर लांबीचा नमुना शिवून पाठवायला सांगा, काठ न दुमडता, म्हणजे आतले थर दिसतील. मी फुकट कौतुक करणार नाही. त्याच बरोबर त्यांच्या गावात बचत गट आहे का तेही पाहा. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते, तेथे राज्य सरकारच्या उमेद अभियानातल्या गटांच्या बायका स्वतःचा माल घेऊन बसतात. त्या गाळ्यावर धाकट्या बाई स्वतः बसल्या तर गिऱ्हाइकाशी दर त्या बोलतील, तुम्ही नव्हे. तुमचे एक काम कमी होईल, आणि एक गिऱ्हाईकही कमी होईल, याची तयारी ठेवा.

टिपणीकार, मुंबई

वाकळवालीताई, सरसला मी दर वर्षी जाते. यंदा नावे न विचारता नुसते टाके मोजत फिरणार आहे.

धावदोरा, पुणे

नमुना पाठवायला सांगितले आहे. धाकट्या बाईंनी दोन पाठवले, एक नेहमीचा आणि एक जवळच्या ओळींचा, त्यावर खडूने छोटी फुली मारलेली. दुसऱ्यात ओळी थोड्या वाकड्या आहेत, पण टाका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आहे. दोन्ही उद्या कोल्हापूरला रवाना करते. गटाची चौकशीही त्या करत आहेत.

जर्सीकर यांचे म्हणणेही मानले. आता तारीख देताना आठ आठवड्यांच्या आत काहीच सांगत नाही आणि कॉल असलेल्या आठवड्यात कात्री हातात घेत नाही. परवा एक गिऱ्हाईक इरकल घेऊन आले, तसाच लाल टोप पदर. आज रविवार असल्याने सकाळी नऊला तो अंगापासून कापून वेगळा केला आणि मिठाच्या पाण्यात घातला. आता संध्याकाळचे सात वाजले आहेत, तिसरी बादली आहे आणि पाणी अजून गुलाबी येते आहे. पदर वापरायचाच असेल तर रंग थांबेपर्यंत वाट पाहावी लागेल, नाहीतर तो गोधडीत न घेता घडी करून तसाच परत देईन, असे त्यांना आत्ताच कळवले. त्यांनी वाट पाहते म्हणून लिहिले आहे.